शेवटच्या नळाचा पिवळा रंग

मृगाच्या तोंडावर माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडकडे गेलो, की माझी नजर आधी पाण्याच्या टाकीकडे जाते. बीड जिल्ह्यातली ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडे तोवर लेकराबाळांसह परतलेली असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि पहिल्या पावसाची घाण त्यातच उतरते. हगवणीची साथ याच दिवसांची वाट पाहत असते.

लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मूळ एका पंपाच्या पाण्यात दाखवले. आपले उत्तर तर आणखी सोपे आहे: टीसीएल पावडर. टाकीत ती मिसळून अर्धा तास थांबायचे. मग नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवे.

गोम इथेच आहे. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, ओल लागली, की ते उडून जाते. नोंदवहीत ‘पावडर टाकली’ हे खरे असते, पाणी मात्र होते तसेच! आरोग्य खात्याची लाल, पिवळी, हिरवी कार्डेही पाहणीच्या दिवसापुरतीच बोलतात.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. पावडर कोरड्या, बंद डब्यात ठेवा. चाचणी टाकीपाशी नको, गावाच्या शेवटच्या नळावर करा. निकाल रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. शेवटचे घर बहुधा गरिबाचेच असते. तिथे पिवळा रंग दिसला, तरच गाव सुरक्षित म्हणायचे.