हमी मादी झाडाची

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईच्या बाजारात ओल्या खारकांचे पिवळे-लाल घोस येतात, त्यांत कच्छचा माल बराच. पावसात पिकलेले फळ झाडावरच कुजते, म्हणून तिथे ते करकरीत असतानाच उतरवतात. अशा अवस्थेतही तुरट न लागणारी जात म्हणजे मूळची इराकमधल्या बसऱ्याकडची बारही. तिची रोपे हवी तेवढी मिळवायची कशी, हा खरा प्रश्न.

खजुरात नर वेगळा, मादी वेगळी. बियांपासून बाग लावली तर जवळपास निम्मी झाडे नर निघतात आणि ते कळते फुलोरा आल्यावर, म्हणजे चार-पाच वर्षे खत-पाणी घातल्यानंतर. मादी निघाली तरी फळ आईसारखे येईलच असे नाही. बुंध्यालगतचे फुटवे लावले तर जात हुबेहूब उतरते. पण एक झाड उभ्या आयुष्यात साधारण दहा ते तीसच फुटवे देते, आणि हेक्टरी सव्वाशेच्या वर झाडे लागतात.

टिश्यू कल्चरने ही अडचण सोडवली. अमेरिकेत ब्रेंट टिसेराट यांनी 1979 मध्ये खजुराची अशी रोपे तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. फुटव्याची पाने एकेक करून सोलत गेले की आत पांढरा, कोवळा कोंब लागतो. कापताक्षणी तो तपकिरी पडू लागतो, म्हणून त्याला आम्लाच्या थंड द्रावणात बुडवतात आणि काळवंडवणारी द्रव्ये शोषायला जेलीसारख्या पोषक माध्यमात कोळशाची पूड घालतात. मग काळ्या जेलीवर, अंधारात, महिनोन्‌महिने मुक्काम. संप्रेरकांच्या प्रभावाने पेशींचा गोळा होतो, त्यातून भ्रूण फुटतात, भ्रूणांची रोपे होतात. शेतात जाईपर्यंत तीन वर्षे तरी जातात. भारतात जोधपूरला अतुल कंपनी आणि राजस्थान सरकारची भागीदारीतली अशी प्रयोगशाळा आहे.

जळगावच्या केळीवाल्यांना टिश्यू कल्चर नवे नाही. पण केळीत काही बिघडले तर वर्षभरात घडावरून कळते. खजुरात त्यालाही चार-पाच वर्षे लागतात. पेशींचा गोळा फार काळ वाढवत ठेवला की एखादे रोप भलतेच निघते. बारहीत हे ठळक दिसले. मादी फुलात तीन बीजकोष असतात. परागण झाल्यावर त्यांतला एकच फळ धरतो. बिघडलेल्या झाडांत परागणच नीट होत नाही आणि तिन्ही कोष बारीक, बिनबियांची फळे होऊन बसतात. अशी काही झाडे वयानुसार सुधारतात, पण तोवरची वर्षे शेतकऱ्याचीच जातात. म्हणून रोप घेताना भावाआधी विचारावे: मातृझाड कोणते, गोळ्यावरून केले की थेट कोंबावरून, आणि या रोपांना फळ धरलेले कुठे पाहायला मिळेल?

दुसरी गोष्ट मोरोक्कोने शिकवली. तिथे बायूद नावाच्या बुरशीजन्य मररोगाने शतकभरात एक कोटीहून अधिक झाडे गेली. या रोगाला दाद न देणारी ‘नजदा’ ही जात आधी निवडावी लागली, मगच प्रयोगशाळेत तिची लाखो रोपे करता आली. बाटलीत नवी जात जन्मत नाही, सापडलेली जात वाढते. कच्छच्या बियांच्या बागांत प्रत्येक झाड वेगळे. पावसाआधी पिकणारे, गोड, टिकाऊ झाड शोधायचे ते तिथेच. बारहीसाठी त्या बागा सरसकट तोडल्या, तर पुढची निवड करायला झाडेच उरणार नाहीत.