आधी गाडीखाली वाकून बघा

पहिला पाऊस पडला की ताम्हिणीच्या बाजूला रविवारी चिखलाने माखलेल्या थार आणि जिम्नी दिसायला लागतात. त्यातल्या बऱ्याच गाड्या मूळ उंचीपेक्षा वर उचललेल्या असतात. गॅरेजमधला संवादही ठरलेला. "दादा, दोन इंच करू की तीन?" "तीनच करा, होऊ दे खर्च!" उंची कशासाठी हवी, हे मिस्त्री विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. नुसत्या रुबाबासाठी हवी असेल तर त्यातही काही गैर नाही, हौसेला मोल नसतं. पण मग निदान "दगडधोंड्यांतून जायचंय म्हणून केलं" असं तरी सांगू नये.

कारण गाडी उंच करणाऱ्या लिफ्ट किटने दगडावरून जाण्याची क्षमता वाढते ही अर्धीच गोष्ट खरी आहे. गाडीखाली वाकून बघितलं की उरलेली अर्धी कळते. थारला मागे सलग एक्सल आहे. दोन चाकांना जोडणाऱ्या त्या दांड्याच्या मध्ये डिफरन्शिअलचा लोखंडी गोळा लटकलेला असतो. सस्पेन्शनचं काम एक्सल आणि चासी यांच्या मधलं. तुम्ही लांब स्प्रिंगा घातल्या की चासी वर जाते, एक्सल मात्र होता तिथेच राहतो, कारण त्याची उंची चाकावर ठरते. म्हणजे २ इंचांची लिफ्ट करूनही त्या गोळ्याखालची जागा एका मिलिमीटरने वाढलेली नसते. जिम्नीला तर पुढेही सलग एक्सल आहे, तिथे हे दोन्हीकडे लागू.

गोळा वर उचलायचा तर टायर मोठा हवा, आणि तिथेही हिशोब करून बघावा. थारच्या १६ इंची चाकावर २४५/७५ मापाचा टायर येतो, त्याचा व्यास सुमारे ७७४ मिमी. त्याजागी २६५/७५ घातला तर व्यास ८०४ होतो. फरक ३० मिमीचा, पण एक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळे पदरात पडतात १५. शिवाय स्पीडोमीटर सुमारे ४ टक्के कमी दाखवायला लागतो. काटा १०० वर असताना गाडी १०४ ने धावत असते.

मग लिफ्टने मिळतं काय? पोट वाचतं. आपल्याकडच्या पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिमी. तीन दारांच्या जिम्नीपेक्षा तो बराच लांब आहे, त्यामुळे उंचवट्याच्या माथ्यावर गाडी मध्येच टेकण्याची भीती जास्त. ४० मिमी लिफ्ट केली की माथा ओलांडण्याचा कोन साडेतीन अंशांच्या आसपास वाढतो. पुढचा बंपर चढाला घासत असेल तर तिथेही थोडी सुटका होते. आणि मोठा टायर वळताना मडगार्डला घासू नये म्हणून लागणारी जागा मिळते. पण हे झाले दुय्यम फायदे. किटचा खरा गुण दिसतो तो एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना. खड्ड्यातलं चाक खाली किती पोचतं? ते जमिनीला टेकून राहिलं तर गाडी चालत राहते, हवेत लोंबकळलं तर इंजिनाची ताकद त्याच चाकाला भोवऱ्यासारखं फिरवण्यात जाते. किट विकत घेताना उंचीच्या आधी हा प्रवास विचारावा, म्हणजे चाक पूर्ण वर दबल्यापासून पूर्ण खाली लोंबेपर्यंत किती हलतं ते. बाजारातली काही स्वस्त किटं गाडी उंच करतात आणि हा प्रवास उलट कमी करतात.

स्वस्त किटांतला सगळ्यात सोपा प्रकार चकतीचा. पुढच्या शॉकअपच्या वर एक जाड धातूची चकती बसवायची, झालं. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, डबल विशबोन आहे. त्यात शॉकअप आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो, म्हणून वरची १ इंचाची चकती चाकापाशी दीड-दोन इंच होऊन दिसते. गिऱ्हाईक खूश. पण चाक लोंबतं तेव्हा आर्म कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जातो, बॉल जॉइंट अडतो आणि चाकाला फिरवणारा शाफ्ट तिरका होतो. या शाफ्टच्या टोकाला ग्रीस भरलेला रबरी बूट असतो. कोन वाढला की बुटाच्या घड्या एका बाजूला एकमेकींवर घासत राहतात. काही महिन्यांनी घडीवर बारीक चीर पडते आणि चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या आसपास, काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसतात. तिथेच थांबून बूट बदलला तर खर्च थोडक्यात भागतो. तसंच दामटवलं तर आत चिखल शिरतो, आणि मग वळताना कट-कट आवाज यायला लागला की अख्खा जॉइंट गेला असं समजावं.

जिम्नीचं दुखणं वेगळं. तिचा एक्सल आडवा सरकू नये म्हणून एका बाजूला चासीला आणि दुसऱ्या बाजूला एक्सलला बांधलेला आडवा रॉड असतो. गाडी उचलली की हा रॉड जास्त तिरका होतो आणि एक्सलला एका बाजूला ओढतो. पुढच्या एक्सलचा मागे झुकलेला कोन, ज्याला अलाइनमेंटवाले कॅस्टर म्हणतात, तोही कमी होतो. परिणाम हायवेवर कळतो: स्टिअरिंग हलकं पण भरकटलेलं वाटतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. म्हणून किटमध्ये कॅस्टर सुधारणारे बुश किंवा आर्म, कमी-जास्त करता येणारा आडवा रॉड आणि लांब ब्रेक होज आहेत का, ते बघावं. नुसत्या चार स्प्रिंगा आणि चार शॉकअप म्हणजे पूर्ण किट नव्हे.

जुन्या गाड्यांत हे सगळं साधं होतं, पण खोड्या होत्याच. जिप्सीला चारही बाजूंना पाटे. तिथे एक पाटा वाढवला किंवा लांब शॅकल लावलं की उंची आली, आणि पाटा वाढवला की हाडं खिळखिळी करणारा कडकपणाही. २०१० साली आलेल्या पहिल्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, होता. त्याचा बोल्ट पिळून फुकटात पुढचं नाक वर करणारे आजही भेटतात. बोल्ट पिळल्याने बार लांब होत नाही, चाकाचा खाली जाणारा प्रवास तेवढा खर्ची पडतो.

स्प्रिंग निवडताना निम्मे लोक चुकतात ते वजनात. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीच्या ओल्ड मॅन इमूसारख्या किटांत एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भारासाठीच्या स्प्रिंगा असतात. तिथे गाडीवर कायम सामान लादून आठवडेच्या आठवडे वाळवंट तुडवतात, म्हणून ती पद्धत पडली. आपल्याकडे कुणी "हेवी ड्यूटी" म्हटलं की तेच चांगलं असं वाटतं. पुढे लोखंडी बंपर आणि विंच असेल तर ६० ते १०० किलो कायमचे वाढतात, तिथे जड स्प्रिंग हवीच. पण मूळ बंपर, मागे दोन सॅक आणि एक पाण्याचा कॅन एवढ्यावर जड स्प्रिंग घातली तर ती दबतच नाही. गाडी ठरवल्यापेक्षा उंच राहते, खड्ड्यावरून टणकन उडते आणि चाक खाली पोचायच्या वेळी एक्सल कलायला तयार नसतो. सामान आधी ठरवा, शक्यतो वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलून घ्या, मग स्प्रिंग मागा.

उंचीची किंमत वळणावर मोजावी लागते. दोन चाकांतलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला, तर गाडी स्थिर उभी असताना साधारण ४७ अंशांपर्यंत कलून तग धरते. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर वर गेला की ते ४५ होतात. कागदावर दोनच अंश. पण घाटात अचानक स्टिअरिंग फिरवावं लागलं तर ते जाणवतात, आणि वर कॅरियरवर तंबू बांधला असेल तर आणखी.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. नाक्यावर स्प्रिंगा मोजत कुणी बसत नाही, हे खरं. अपघातानंतर मात्र विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली नक्की वाकतो.

माझं मत विचाराल तर सह्याद्रीत फिरणाऱ्या बहुतेकांना किटची गरजच पडत नाही. थारचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीतूनच २२६ मिमी आहे आणि आपल्याकडचा निसरडा लाल चिखल उंचीपेक्षा टायरची नक्षी मागतो. आधी चांगले टायर, हवा कमी-जास्त करायला एक कॉम्प्रेसर, मग पोटाखाली जाड पत्रा. एवढं करूनही गाडी वारंवार टेकत असेल तर ४० मिमीच्या आसपासचं पूर्ण किट घ्यावं. तीन इंचांच्या वाटेला जाणाऱ्याने शाफ्ट, आर्म, ब्रेक होज सगळ्याचा खर्च आधीच धरावा.

किट बसवताना स्वतः हजर राहा. आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजून लिहून ठेवा. आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावरच ते शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइट खाली वळवा, समोरच्याच्या डोळ्यात जातात. पाचशे-हजार किलोमीटर झाले की त्याच मिस्त्रीकडे परत जाऊन सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्यायचे. स्प्रिंगाही तोवर थोड्या बसलेल्या असतात, तेव्हा टेप पुन्हा लावा.