टन कशाचा?

मंडळी, एसी घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "एक टन की दीड?" आमच्या मोहल्ल्यातल्या चाचांना भिंतीचीच काळजी पडली! हा टन वजनाचा नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी घराबाहेर काढण्याची ही ताकद. सुमारे साडेतीन किलोवॅट. बर्फाच्या लाद्यांच्या जमान्यातलं माप.

१६ वर ठेवला की खोली लवकर गार होते, हाही भ्रमच. साध्या एसीचा कॉम्प्रेसर २४ वरही तेवढ्याच जोरानं चालतो. १६ वर तो थांबतच नाही, आणि बेताच्या पेन्शनीतून बिल भरावं लागतं.

कूलर स्वस्त खरा, पण नागपूरच्या कोरड्या हवेत. मुंबईची हवा मुळातच ओली, तिथं पाणी उडणार कसं? आणि नागपुरातही खिडकी उघडी हवीच, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल.