दाढ काढली की डोळे जातात?

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, असे आमच्या पारोळ्याकडे अजूनही ऐकू येते. या भीतीपोटी किडकी दाढ महिनोन्महिने तशीच ठेवली जाते आणि जंतुसंसर्ग जबड्यात पसरू शकतो. वास्तविक मेंदूच्या चेतांच्या १२ जोड्यांपैकी दृष्टीची चेता दुसरी, तर दाढांच्या संवेदना नेणारी पाचवी. दोघींचे मार्ग वेगळे आहेत.

दाढेची मुळे (खाली बहुधा २, वर ३) आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो. गुरांचा खुंटा आपण आधी हलवून सैल करतो, मगच उपटतो. दंतवैद्यही तेच करतात. लिग्नोकेनचे इंजेक्शन वेदनेचे संदेश अडवते. दाब मात्र जाणवतो.

खरी काळजी नंतरची! रिकाम्या खोबणीत रक्ताची गुठळी जमते. जखमेचे झाकण तीच आणि नव्या हाडाचा पायाही तीच. म्हणून बोळा अर्धा तास दाबून धरावा. २४ तास चूळ भरू नये, थुंकू नये; तंबाखू-बिडी तर काही दिवस नकोच. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी तोंडात हलकेच फिरवावे. गुठळी निसटली तर हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी ठणका वाढतो; तेव्हा लगेच दवाखान्यात जावे. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगावे.

हिरडी काही आठवड्यांत भरते, हाडाला काही महिने लागतात. डोळे मात्र होते तसेच राहतात.