निळी कुत्री, जांभळं पाणी

२०१७ च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईजवळच्या तळोज्याच्या एमआयडीसीत चक्क निळी कुत्री फिरायला लागली. हो, निळी! त्यांचे फोटो जगभर गाजले. पंचतंत्रातला रंगाच्या पिंपात पडलेला कोल्हा आठवला ना? त्याला निदान चार दिवस राजा तरी होता आलं. या बिचाऱ्यांच्या अंगावर नुसताच एका कारखान्याचा रंग बसला होता. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला.

कुत्री निळी झाली म्हणून ओरड तरी झाली. पण कारखान्यातून निघणारं जे दिसतच नाही, ते कसं पकडायचं?

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कुणी आजपासून पाणी प्यायचं बंद करणार नाही. नवी मुंबई महापालिकेचं पाणी तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीतून येत नाही. ते मुख्यतः खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येतं आणि भोकरपाड्याला शुद्ध होऊन पुढे नळाला लागतं. पण ठाणे-बेलापूर पट्टा रसायनांच्या कारखान्यांचा. कुठे बोअरवेल असते, कुठे विहीर. म्हणून तपासणी हवीच.

आज आपला आरोपी आहे क्रोमियम. तसा हा धातू देखणा! नळाची चकाकी त्याची, माणकाचा लाल रंग त्याचा आणि पाचूचा हिरवाही त्याचाच. १७९७ मध्ये व्होकलँ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो रशियातल्या उरल पर्वतातल्या एका लाल खनिजात शोधला. मुलामा चढवायला, कातडी कमवायला, रंग बनवायला तो लागतोच. मात्र त्याची दोन रूपं आहेत. क्रोमियम-३ बराचसा निरुपद्रवी. क्रोमियम-६ मात्र महाखट्याळ. त्याच्यामुळे कॅन्सर होऊ शकतो. अमेरिकेत हिंकली गावच्या जमिनीतल्या पाण्यात तो उतरला होता. त्यावरून झालेला खटला १९९६ मध्ये ३३ कोटी ३० लाख डॉलर भरपाईवर मिटला. आपल्याकडे कानपूरजवळ खानचंदपूरला त्याच्या कचऱ्याच्या ढिगांनी हापशांचं पाणी बिघडवलं.

क्रोमियम-६ पाण्याला पिवळी छटा देतो खरा, पण ती डोळ्यांना जाणवेपर्यंत त्याने मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. ही मर्यादा किती, ठाऊक आहे? भारतीय मानकानुसार लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम, तीही एकूण क्रोमियमची. म्हणजे दहा हजार लिटरच्या भरलेल्या टँकरमध्ये फक्त अर्धा ग्रॅम. साधारण चिमूटभर मिठाएवढं!

आता ही चिमूट शोधायची कशी? नवी मुंबईतच, महापे इथे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. अशा प्रयोगशाळांमध्ये एक सुंदर युक्ती वापरतात. नमुना स्वच्छ बाटलीत भरून थंड पेटीतून आणायचा आणि २४ तासांच्या आत तपासायचा, कारण वाटेत क्रोमियम-६ चा क्रोमियम-३ होऊ शकतो. मग त्यात थोडं आम्ल आणि डायफिनाइल कार्बझाइड नावाच्या रसायनाचं द्रावण घालायचं. दोन्ही रंगहीन. पाणीही रंगहीन. आणि काही मिनिटांत… नळीतलं पाणी जांभळट गुलाबी! क्रोमियम-६ त्या रसायनाशी झटापट करतो, त्यात स्वतः क्रोमियम-३ होऊन बसतो, आणि दोघांच्या जोडीतून हा रंग तयार होतो. म्हणजे चोराने स्वतःच कबुलीजबाब दिला म्हणायचं.

रंग फिका की गडद, हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. असा जांभळट द्रव हिरवा प्रकाश गिळतो. म्हणून यंत्र ५४० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश त्यातून सोडतं आणि पलीकडे किती पोचला ते मोजतं. जितका कमी पोचेल तितका क्रोमियम-६ जास्त.

याहून महागडं एक यंत्र असतं. त्यात पाण्याचे बारीक तुषार सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तप्त अशा आर्गॉन वायूच्या ज्योतीत फवारतात आणि धातूचे अणू मोजतात. आकडा अगदी बारीक मिळतो. पण गंमत बघा, ते एकटं यंत्र क्रोमियम-३ कुठला आणि क्रोमियम-६ कुठला हे सांगू शकत नाही. तिथे ती साधी जांभळी नळीच कामाला येते. मला तर तीच जास्त आवडते.

गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस 'ओटी टेस्ट' करताना पाहिलाय? त्यात पाणी पिवळं झालं तर सगळे खूश होतात, कारण पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे जंतूंचा बंदोबस्त झालाय. इथे जांभळं झालं की सगळ्यांचे चेहरे पडतात. तेव्हा नुसता रंग बघून काही कळत नाही, कुठली तपासणी चाललीय ते आधी विचारायचं.

आणि पाणी उकळून क्रोमियम जात नाही बरं का! जंतू मरतात, धातू तिथेच राहतो. उलट वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात तो किंचित दाटच होतो.

हा प्रयोग घरी करू नका, त्यात तीव्र आम्ल लागतं. पण एक काम तुम्ही नक्की करू शकता. तुमच्या सोसायटीत किंवा शाळेत बोअरवेल असेल, तर मोठ्यांना विचारा: तिच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली, आणि त्या अहवालात क्रोमियमची ओळ आहे का?