एका ओळीत पन्नास पगड्या

पटकथेत एक ओळ असते: ‘पहाट. मावळे गड चढताहेत.’ चित्रपटाचे बजेट करणारे लोक पटकथेचे प्रत्येक पान आठ भागांत मोजतात. त्या मापाने ही ओळ म्हणजे पानाचा एक अष्टमांश. पटकथा वाचून ब्रेकडाऊन काढणारे सॉफ्टवेअर तिच्यापुढे नोंद करते: बाह्यचित्रण, पहाट, एक समूह. राजगडाची रेकी करून आलेला प्रॉडक्शन मॅनेजर तीच ओळ वाचतो तेव्हा पन्नास पगड्या, पन्नास अंगरखे, मध्यरात्रीनंतर लगेच सुरू होणारा मेकअप आणि पायथ्याच्या गुंजवणे गावाच्या वाटेने पाठीवरून न्यायची कॅमेऱ्याची खोकी मोजू लागतो.

भोर आणि वेल्हे (वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका) हा प्रदेश निर्मात्यांना भुरळ घालतो. राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा, भाटघर धरणाचे पाणी, भोरचा राजवाडा, सारे पुण्यापासून दोन-अडीच तासांच्या आत. राजवाड्याच्या चौकात मराठी-हिंदी चित्रीकरणे झालेली आहेत. मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई, आणि वाईजवळच्या मेणवलीत ‘स्वदेस’ झाला. त्यामुळे ‘पुण्याजवळच तर आहे, स्वस्तात होईल’ हे वाक्य निर्मात्यांच्या तोंडी हमखास येते. माझ्या मते मराठी बजेटे बिघडतात ती बहुधा याच वाक्यापासून.

राजगडावरच्या एका दिवसाचा हिशेब मांडून पाहू. शिफ्ट बारा तासांची. सामानासकट चढायला तीन तास, उतरायला दोन. जेवण, नाश्ता आणि मांडामांड यांत आणखी दोन धरा. उरले पाच. एरवी चार पाने उरकणारे युनिट इथे जेमतेम दीड पान काढते. म्हणजे पटकथेतली गडावरची सहा पाने चार दिवस खाणार. माणसे वरच मुक्कामी ठेवू म्हणाल, तर राजगड हे राज्य संरक्षित स्मारक आहे. 2025 मध्ये तो मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या यादीतही गेला. तिथे पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही, मग सेट, आग किंवा तंबू यांची बात सोडा. गडावर जनरेटर व्हॅन जात नाही, म्हणून बॅटरीवरचे दिवे आले. बॅटऱ्या वाहायला माणसे आली. त्या माणसांना नाश्ता आला.

जाणते प्रॉडक्शन मॅनेजर अशा वेळी दिग्दर्शकाला विचारतात, ‘साहेब, बालेकिल्ला फ्रेममध्ये हवाच का? पायथ्याच्या शिवारातून मागे गड दिसला तर?’ या एका प्रश्नाने चारातले तीन दिवस वाचू शकतात. सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारत नाही.

तरीही सॉफ्टवेअरची थट्टा मी करणार नाही. चित्रीकरणाचे दिवस बावीसचे पंचवीस केले की जेवण, भाडे, बाटा (रोजचा भत्ता), मुक्काम, सगळे आकडे त्याच क्षणी बदलतात. वहीत हे करताना एखादी ओळ राहतेच, आणि राहिलेली ओळ पॅकअपनंतर सापडते. एक्सेलमध्येही सूत्र चुकले तर कुणाच्या लक्षात येत नाही. बेरजेसाठी यंत्र घ्यावे, यात वाद नाही. प्रश्न आहे रकान्यांत काय भरायचे याचा, आणि ते गावात जाऊनच कळते.

उदाहरणार्थ पाऊस. वेल्ह्याच्या पश्चिमेला, केळद-मढे घाटाकडे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याचेच राज्य. भोरहून महाडला जाणारा वरंधा घाट पावसाळ्यात जड वाहनांना वरचेवर बंद होतो, म्हणजे कोकणातून येणारे सामान लांबचा वळसा घेणार. ऑक्टोबरात ऊन पडते तेव्हा भातखाचरे पिवळी व्हायला लागलेली असतात आणि कापणी तोंडावर आलेली असते. हिरवे शिवार हवे असलेल्या दिग्दर्शकाला तारखा पुढे ढकलता येत नाहीत. खाचरातून ट्रॉलीचे रूळ टाकले तर शेतकऱ्याला पिकाची भरपाई द्यावी लागते, आणि ती आदल्या संध्याकाळी बांधावर बसून ठरवलेली बरी. सकाळी ऐंशी माणसे खोळंबली असताना ठरवली, तर दर वेगळाच असतो. आकस्मिक खर्चासाठी साधारण दहा टक्के धरण्याची रीत आहे. मावळात पावसाळ्याच्या सीमेवर शूटिंग असेल तर तेवढे पुरेल या भरवशावर राहू नये.

राहण्याचा खर्च कागदावर लहान दिसतो. युनिट पुण्यात ठेवले तर रोजचा येण्याजाण्याचा वेळ शिफ्टमधून जातो. नसरापूर-खेड शिवापूरच्या महामार्गावर ठेवले तर हॉटेलचे भाडे वाढते. दोन्ही हिशेब समोरासमोर मांडल्याशिवाय ‘स्वस्त’ हा शब्द वापरू नये.

कागदावर न दिसणाऱ्या खर्चाचा हा धडा जुना आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये भांडवलदाराला पटवण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून दाखवली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या बाह्यचित्रणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा तलवारी-भाले पाहून गावाला हे दरोडेखोरच वाटले, अशी आठवण सांगितली जाते. आज ग्रामपंचायतीचे पत्र आणि पोलीस ठाण्याची सूचना हे बजेटातले रकाने आहेत. सरस्वतीबाई मात्र सगळ्या युनिटचा स्वयंपाक घरी करत. आजही नवख्या निर्मात्याच्या पहिल्या बजेटात घरच्यांचे कष्ट फुकटच्या रकान्यात असतात. हा खर्च बजेटाच्या कुठल्याच टॉपशीटवर, म्हणजे पहिल्या गोषवाऱ्याच्या पानावर, येत नाही.

आणखी एक फसगत अनुदानाची. राज्य सरकार दर्जानुसार मराठी चित्रपटांना अनुदान देते. वर्षानुवर्षे ‘अ’ दर्जाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाला 30 लाख असे आकडे होते. पण ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर. भोरच्या जनरेटरवाल्याला त्याच आठवड्यात पैसे हवे असतात. मिळण्याआधी अनुदान जमेत धरणारा निर्माता मधल्या काळाचे व्याज विसरतो.

म्हणून निर्मात्यांना एक विनंती. रेकीला निघताना दिग्दर्शक आणि कॅमेरामन यांच्याबरोबर हिशेबनीसालाही गाडीत घ्या, गुंजवण्यापासून निदान निम्म्या वाटेवर तरी त्याला चढवा, आणि मगच लॅपटॉप उघडायला सांगा.