पिंचे (स्पॅनिश शब्द)

पिंचे हा स्पॅनिश भाषेतील एक शब्द असून देशपरत्वे त्याचा अर्थ बदलतो. 'टोचणे' या अर्थाच्या 'पिंचार' या क्रियापदापासून तो तयार झाला आहे.

स्पेनमध्ये पिंचे म्हणजे स्वयंपाकघरातील मदतनीस. भाज्या सोलणे, चिरणे, भांडी स्वच्छ करणे ही त्याची कामे होत. तेथील सार्वजनिक रुग्णालयांत हे अधिकृत पदनाम असून त्यासाठी भरतीही होते.

मेक्सिकोमध्ये मात्र हा शब्द बहुधा नामापूर्वी विशेषणासारखा येतो व तुच्छता दर्शवितो. 'पिंचे कोचे' म्हणजे 'भिकार मोटार'. व्यक्तीला उद्देशून वापरल्यास तो अपमानास्पद ठरतो. जवळच्या मित्रांत तो थट्टेनेही उच्चारला जातो. परंतु औपचारिक प्रसंगी असभ्यच समजला जातो. कोस्टा रिका व निकाराग्वा येथे त्याचा अर्थ 'कंजूष' असा होतो, तर चिलीमध्ये केसांना लावायच्या आकड्याला पिंचे म्हणतात.

त्यामुळे भाषांतर करताना केवळ शब्दकोशातील पहिल्या अर्थावर विसंबता येत नाही. बोलणारा कोणत्या देशाचा आहे आणि वाक्यात शब्द नाम आहे की विशेषण, हे न पाहिल्यास एखाद्याच्या पदनामाची शिवी होऊ शकते.